रात्रीचे वाचन आणि डोळ्यांचा विसावा
(आरोग्य शिक्षण विभाग)



अहवालाच्या या पानांवर दरवर्षी एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख दिला जातो. तो बहुधा आमच्या डॉक्टरांपैकी कोणी लिहितात. यंदा ते काम वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराकडे आले, त्यास एक पत्र निमित्त झाले. मूळचे आपल्या बीड जिल्ह्यातील, परंतु नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या एका देणगीदारांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ आमच्या परिचारिका प्रशिक्षण विद्यालयाच्या वसतिगृहास ई-रीडर, म्हणजे पुस्तके वाचण्याची छोटी यंत्रे, देण्याची इच्छा कळविली. वसतिगृहात एका खोलीत चार मुली राहतात. एकीची परीक्षा असते, दुसरी रात्रपाळी करून आलेली असते, तिसरीला पहाटे वॉर्डात हजर व्हायचे असते. दिवा चालू ठेवावा की बंद करावा यावरून होणाऱ्या कुरबुरी गृहपालांच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे आढळतात. स्वतःचा मंद प्रकाश असलेले यंत्र हाती आले, तर अभ्यास करणारीला खोलीतला दिवा लागणार नाही आणि झोपलेलीची झोप मोडणार नाही, असा देणगीदारांचा विचार होता.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत पत्र वाचले गेले तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "आपण नेत्रशिबिरे भरवणारी माणसे. आपणच मुलींना अंधारात पडद्यावर वाचायला लावायचे काय?" प्रश्न रास्त होता. चौकशी करून टिपण सादर करण्याचे माझ्याकडे सोपविण्यात आले.

येथे एक कबुली देणे उचित ठरेल. माझे मत आधीच देणगीच्या विरुद्ध झाले होते. माझ्या कन्येने भेट दिलेला असाच एक ई-रीडर मी काही महिने वापरून कपाटात ठेवून दिला होता. रात्री सर्वत्र निजानीज झाल्यावर वाचू लागलो की अर्ध्या तासात डोळे चुरचुरत, पाणी येई, आणि अक्षरांभोवती धुक्यासारखे पांढुरके वलय दिसे. दोष यंत्राचा, हे मी ठरवून टाकले होते.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मोबाईल आणि ई-रीडर यांना आपण एकाच माळेत ओवतो. मोबाईल, टॅबलेट आणि संगणक यांचा पडदा स्वतः उजळतो आणि त्यातून निघालेला प्रकाश थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरचा पडदा स्वतः उजळत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधनातून १९९७ साली ई-इंक ही कंपनी निघाली. तिने विकसित केलेल्या या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. दोहोंवरील विद्युतभार परस्परविरुद्ध असतो. पान उलटताना जेथे अक्षर हवे तेथे काळे कण वर खेचले जातात, जेथे कोरी जागा हवी तेथे पांढरे. एकदा पान उमटले की ते तसेच राहण्यास वीज लागत नाही. आपल्याला अक्षर दिसते ते पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात. अंबाजोगाईस संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली 'पासोडी' ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तीही अशाच प्रकाशात पाहिली आहे. उजेड बाहेरून कापडावर पडतो आणि तेथून डोळ्यांकडे येतो.

२००७ साली विक्रीस आलेल्या पहिल्या किंडलला दिवा नव्हता. अंधारात वाचायचे तर पुस्तकासारखाच बाहेरचा उजेड लागे, आणि काही जण यंत्राला चिमट्याचा छोटा दिवा लावीत. २०१२ साली नूक, कोबो आणि किंडल या तिन्ही नावांखाली पुढून प्रकाश देणारी यंत्रे आली. यांत पडद्याच्या कडेला बारीक एलईडी दिवे बसविलेले असतात आणि पडद्यावर एक पातळ पारदर्शक थर असतो. कडेचा उजेड त्या थरातून पसरत अक्षरांच्या दिशेने खाली वळतो व परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. मोबाईलमध्ये दिवा अक्षरांच्या मागे असतो, येथे तो पुढे असतो. पुस्तकाच्या वरच्या बाजूस कंदील ठेवून वाचण्याची जी आपली जुनी रीत, तिचाच हा नवा अवतार म्हणावा लागेल.

माझे दहावीचे वर्ष अशाच कंदिलाच्या उजेडात गेले. संध्याकाळी राखेने काच पुसणे हे माझ्याकडचे काम होते. ती नीट पुसली गेली नाही तर रात्रभर पानाच्या एका बाजूस काजळीची सावली पडे. पुढे २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची गेली. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत मुले रात्री चिमणीपाशी बसून अभ्यास करीत. "अंधारात वाचू नकोस, डोळे जातील," हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकले नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. आमच्या नेत्रविभागाच्या डॉक्टर मॅडमना मी हाच प्रश्न आधी विचारला. त्या म्हणाल्या की मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, परंतु कायमचे बिघडतात यास आधार नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००७ च्या डिसेंबरात वैद्यकीय गैरसमजुतींविषयी एक लेख छापला होता. त्यात ही समजूतही होती. थकवा विश्रांतीने जातो. मुलांना लांबचे न दिसण्याचा विकार वाढतो आहे खरा, परंतु त्याचा संबंध तासन्‌तास जवळचे पाहणे आणि दिवसा उघड्यावर न खेळणे यांच्याशी अधिक आहे.

पुढून प्रकाश येतो हे समजल्यावर मला वाटले, प्रश्न मिटला. मॅडमनी तो मिटू दिला नाही. त्यांचे म्हणणे असे की प्रकाश पुढून आला की मागून, हे डोळ्याला कळत नाही. त्याला कळते ते किती आला आणि भोवती किती अंधार आहे. ई-रीडरचा दिवा पूर्ण वाढवून काळोख्या खोलीत धरला, तर तोही मोबाईलइतकाच त्रास देऊ शकतो.

याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. उन्हात ती दोन-तीन मिलिमीटर असते, तर तरुण माणसाची बाहुली अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत रुंदावते. दरवाजा सताड उघडला की नको तेही आत शिरते, तसे होते. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण नेमके एका ठिकाणी जुळत नाहीत आणि अक्षराची धार बोथट होते. शिवाय दृष्टिपटलाला अंधाराची पूर्ण सवय होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. काळ्या खोलीत एकच उजळ चौकोन असला, म्हणजे नजर पानावरून हलली की डोळ्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे लागते. ही ओढाताण रात्रभर चालते.

म्हणून उपाय सोपा निघाला, आणि तो घरोघरी भिंतीवर लावलेला आहे: झिरोचा बल्ब. खोली पूर्ण काळोखी न ठेवता एक लहान दिवा, शक्यतो वाचणाऱ्याच्या पाठीमागे किंवा भिंतीकडे तोंड करून, चालू ठेवावा. यंत्राचा प्रकाश अगदी कमी करून हळूहळू वाढवीत न्यावा आणि अक्षरे नीट दिसू लागताच थांबावे. मॅडमनी सांगितलेली खूण मला फार उपयोगी वाटली: पडदा कागदासारखा दिसला तर प्रकाश बरोबर आहे, दिव्यासारखा दिसला तर जास्त आहे. काही जण रात्री काळ्या पानावर पांढरी अक्षरे करून घेतात. कोणाला ते सोसते. परंतु ज्यांच्या चष्म्यात आडव्या-तिरप्या अक्षाचा नंबर आहे, त्यांना पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. त्यांनी साधे पांढरे पानच मंद करून वाचावे.

दुसरी गोष्ट पापण्यांची. माणूस साधारणपणे मिनिटाला पंधरा ते वीस वेळा पापणी मिटतो. एकाग्रतेने वाचताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मग बुबुळावरील अश्रूंचा थर वाळतो आणि डोळे चुरचुरतात. छापील पुस्तकातही हे घडते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, कोरडी हवा आणि पंख्याचा थेट चेहऱ्यावर येणारा वारा. पंख्याखालची खाट चार फूट सरकवली तर जो फरक पडतो, तो महागड्या काचेने पडत नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. चार खाटांच्या अंधाऱ्या खोलीत वीस फुटांवर पाहण्याजोगे काय असणार, असे मी विचारले, तेव्हा मॅडम हसल्या व म्हणाल्या, "मग डोळे मिटून बसा, साहेब. तेवढाच विसावा."

निळ्या प्रकाशाविषयी बाजारात फार बोलले जाते. पडद्यांतून येणारा निळा प्रकाश डोळ्यांना इजा करतो, असे सिद्ध झालेले नाही. उन्हातून त्याच्या अनेक पटींनी तो आपल्या डोळ्यांत येतो. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांविषयीच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. अशा चष्म्याने पडद्यापुढील थकवा थोड्या काळात कमी होतो असे त्यात दिसून आले नाही. रुग्णांच्या नातेवाइकांनी त्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. झोपेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी केलेल्या आणि २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ जणांना काही रात्री छापील पुस्तक व काही रात्री प्रकाशमान पडद्यावरचे पुस्तक झोपेपूर्वी चार तास वाचावयास दिले. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात उशिरा वाढले. वर्तमानपत्रांतून हा अभ्यास "ई-रीडरने झोप उडते" अशा स्वरूपात आला. प्रत्यक्षात वापरला होता तो पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड. अभ्यास लहान आहे आणि पुढून उजळणाऱ्या मंद पडद्याला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही निजताना पिवळसर छटा ठेवण्यात नुकसान काहीच नाही. कोबोच्या एका यंत्रात ती सोय २०१६ पासून आणि किंडलच्या एका यंत्रात २०१९ पासून आहे.

एक चमत्कारिक प्रकरणही येथे नोंदवितो, कारण ते रात्री मोबाईल पाहणाऱ्या कोणासही घडू शकते. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंग्लंडमधील दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांना अधूनमधून एका डोळ्याने काही मिनिटे काहीच दिसेनासे होई. पक्षाघाताची शंका येऊन तपासण्या झाल्या, सर्व निर्दोष निघाल्या. अखेर उलगडा झाला तो असा की त्या अंधारात कुशीवर निजून मोबाईल पाहत. एक डोळा उशीत दबलेला असे. त्याला अंधाराची सवय होई आणि दुसऱ्याला पडद्याच्या उजेडाची. मोबाईल बंद करताच उजेडाला सरावलेला डोळा काही काळ आंधळ्यासारखा वागे. हा आजार नव्हे. दोन्ही डोळ्यांनी, शक्य तर बसून, पाहावे म्हणजे झाले.

परंतु पुढील बाब आजाराची आहे आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः जवळ-दूर दोन्हीकडे पाहण्यास जाड अधिक नंबर लागणाऱ्यांनी, ती लक्षपूर्वक वाचावी. काहींच्या डोळ्यांतील पाणी बाहेर जाण्याची वाट जन्मतःच अरुंद असते. अंधारात बाहुली रुंदावली, त्यातून माणूस पालथा पडून किंवा मान खाली घालून बराच वेळ वाचत राहिला, तर ही वाट बंद होऊन डोळ्यातील दाब एकाएकी चढू शकतो. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोके ठणकते, उलट्या होतात. आपल्याकडे याला पित्त उसळले किंवा अर्धशिशी उठली असे समजून घरगुती उपाय केले जातात आणि मौल्यवान तास निघून जातात. हा काचबिंदूचा तीव्र प्रकार आहे आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता माझ्या कपाटातील यंत्राविषयी. चौकशी पूर्ण करण्यासाठी मी ते मॅडमपुढे ठेवले. त्यांनी ते बाजूस सारले आणि मलाच तपासणीच्या खुर्चीत बसविले. बाहुली मोठी करणारे औषध घालून तपासले, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आढळली, उजव्यात थोडी अधिक. भिंगावर धूसरपणा आला की उजळ पानाचा प्रकाश आतल्या आत विखुरतो. अक्षरांभोवतीचे वलय ते हेच. चाळिशीचा चष्मा चार वर्षांपूर्वीचा होता आणि नंबर बदललेला होता. जेथे रोज सकाळपासून नेत्रतपासणीची रांग लागते, त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या माणसाची ही स्थिती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मराठी वाचकाची एक अडचण मात्र खरोखर यंत्राकडची आहे. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली. अशा पुस्तकांतील अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि देवनागरीला त्याची गरज अधिक असते. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. टाइप बारीक झाला की आधी अनुस्वार नाहीसा होतो आणि मग जोडाक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. परंतु आपल्याकडील बरेचसे साहित्य, त्यात मुलींच्या अभ्यासाच्या टिपणांचाही समावेश आहे, पीडीएफ स्वरूपात फिरते. छापील पानाचे ते छायाचित्रच असते. सहा इंची पडद्यावर अख्खे पान आक्रसून बसते आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. वाचणारी मग यंत्र नाकाजवळ आणते आणि प्रकाश वाढविते. डोळे थकल्याचे खापर उजेडावर फुटते, दोष असतो तो आकाराचा. आम्ही विद्यालयातील दोन मुलींना त्यांचीच टिपणे सहा इंची आणि दहा इंची अशा दोन पडद्यांवर वाचावयास दिली. त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितले, ते माझ्या टिपणातील सर्वांत उपयोगी वाक्य होते: "लहानावर गोष्टीचे पुस्तक वाचता येईल, सर, अभ्यास नाही होणार."

रुग्णांच्या आप्तेष्टांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. रात्री वॉर्डातील मोठे दिवे आम्ही बंद करतो, कारण रुग्णांना झोप हवी असते. बाहेर व्हरांड्यात चटई टाकून बसलेली माणसे मग मोबाईल उघडतात. ऊसतोडीचा हंगाम आटोपून गावी परतलेली कुटुंबे राहून गेलेल्या शस्त्रक्रियांसाठी उन्हाळ्यात येथे येतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका आईच्या उशाशी आलेला मुलगा रात्री दोनला व्हरांड्यात मोबाईलवर पोलीस भरतीचे प्रश्नसंच सोडवीत असलेला मला दिसला. कारखान्याच्या फडावरील कोपीत वीज नसते, तेथेही तो असाच वाचत असे. अंधारात वाचू नकोस असे त्याला सांगण्यास माझी जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या दोन टोकांना भिंतीकडे तोंड केलेले मंद पिवळे दिवे लावण्याचे पत्र मी विद्युत विभागाच्या कर्मचाऱ्यांना दिले. खर्च किरकोळ दुरुस्तीत बसला. आता वॉर्डात उजेड जात नाही आणि व्हरांडा काळोखाही राहत नाही.

टिपण मंडळापुढे गेले. देणगी स्वीकारावी, मात्र लहान यंत्रे अधिक संख्येने घेण्याऐवजी मोठ्या पडद्याची थोडी यंत्रे घ्यावीत, अशी शिफारस मी केली. हिशेबाच्या माणसाला हे सुचवणे जड गेले, कारण मोठा आकडा अहवालात उठून दिसतो. देणगीदारांनी ही सूचना मोठ्या मनाने मान्य केली. यंत्रे ग्रंथालयातून आठवड्यासाठी दिली जातात आणि प्रत्येक मुलीची प्रथम नेत्रतपासणी होते. शरीररचनेच्या रंगीत आकृत्या या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर नीट समजत नाहीत. त्यांसाठी छापील ग्रंथच ठेवले आहेत. प्रत्येक खोलीत एक झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवण्याची परवानगी देण्यात आली आहे.

माझा मोतीबिंदू अद्याप शस्त्रक्रियेच्या टप्प्यावर आलेला नाही. नवा चष्मा केला आहे, खाट पंख्याखालून सरकविली आहे आणि कपाटातील यंत्र पुन्हा उशाशी आले आहे. गृहपालांच्या नोंदवहीत दिव्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. सध्याचा वाद झिरोचा बल्ब पिवळा असावा की निळा यावरून आहे, आणि त्यावर मॅडमचे मत मागविले आहे.